गाव कुठलं, देश कुठला

कोकणातल्या माणसाला नाव सांगितलं की त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘गाव कुठलं?’ आडनावातच गाव असलं तरी तो विचारतो. आडनावातलं गाव पूर्वजांचं असतं आणि माणूस भलतीकडेच राहत असतो, हे त्याला ठाऊक असतं. पेणकर पेणला राहत असेलच असं नाही, आणि रोहेकरांच्या तीन पिढ्या भायखळ्यात गेलेल्या असतात. या पुस्तकात जे पेणकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर भेटतील ते दिमोना, अश्दोद, लोद, बीरशेबा या गावांत राहतात. त्यांची मुलं शाळेत हिब्रू शिकली, सैन्यात गेली. नातवंडांना मराठी कळते, पण उत्तर हिब्रूत येतं. ‘गाव कुठलं?’ या प्रश्नाला त्यांच्या घरात प्रत्येकाकडे निराळं उत्तर आहे, आणि त्या उत्तरांचंच हे पुस्तक आहे.

बेने इस्राएल म्हणजे कोकणातले यहुदी. रायगड जिल्ह्यात या समाजाची ओळख करून द्यावी लागत नाही. अलिबागच्या इस्राएल आळीत मागेन आबोथ हे त्यांचं प्रार्थनामंदिर आजही उभं आहे. रेवदंडा, पनवेल, पेण इथंही आहेत. बाकीच्या महाराष्ट्रात मात्र निस्सिम इझिकिएल किंवा अभिनेते डेव्हिड यांचं नाव घेतलं की ‘अरे हो, ते ज्यू होते ना?’ इथवरच ओळख पोचते. डेव्हिड यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर होतं आणि ते चेऊल अलिबागजवळचंच, हे फार कमी जणांच्या ध्यानात येतं. म्हणून आठवणी सुरू होण्याआधी थोडा इतिहास सांगणं मला गरजेचं वाटतं.

समाजाची परंपरा अशी. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक जहाज फुटलं आणि त्यातून सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना नवगावलाच पुरलं आणि वाचलेले कोकणातल्या गावांत पांगले. हे कधी घडलं याबद्दल एकमत नाही. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी ते इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात नेलं आहे, बाकीचे अभ्यासक बरंच अलीकडे आणतात. लेखी पुरावा कुणापाशीच नाही. पोथ्या समुद्रात गेल्या आणि पुढं हिब्रू भाषाही विसरली गेली. उरली ती ‘शमा’ ही प्रार्थना, आठव्या दिवशीची सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे खाण्याचा नियम आणि शनिवारची सुट्टी. तेलाचे घाणे चालवणारी ही माणसं शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावानं त्यांना नाव दिलं शनिवार तेली.

हे नाव गावानं दिलं, त्यांनी घेतलं आणि त्यावर कुणी कुणाकडे दाखला मागितला नाही. कोकणच्या गावगाड्यात प्रत्येक जातीची जागा ठरलेली होती, तशी एक जागा यांनाही मिळाली. हा काही सुवर्णकाळ होता असं मला म्हणायचं नाही. जातीच्या उतरंडीत बसायचं म्हणजे उतरंड मानायची, आणि समाजाच्या आतही गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता. बाहेरच्या बाईपासून झालेल्या संततीला काळे म्हणायचे, त्यांच्याशी लग्न करायचे नाहीत, पंगतीला वेगळं बसवायचे. पुढे याच समाजाच्या कुळाचा दाखला दुसऱ्यांनी मागितला, ते प्रकरण वाचताना ही गोष्ट विसरू नये. पण एवढं खरं की धर्मावरून छळ झाला, पळून जावं लागलं, असं या समाजाच्या भारतातल्या आठवणींत कुठेच येत नाही. जगभरच्या यहुदी समाजांत हे विरळ आहे.

जुन्या पिढीची नावंसुद्धा इथल्याच वळणाची. मुंबईतलं या समाजाचं पहिलं प्रार्थनामंदिर 1796 साली बांधणारे शमुवेल इझिकिएल दिवेकर हे कंपनी सरकारच्या फौजेतले सुभेदार. रोजच्या व्यवहारात त्यांचं नाव सामाजी हसाजी दिवेकर. अब्राहमचा आबाजी झाला, मोझेसचा मुसाजी झाला. मांडवीतल्या त्या मंदिराला लोक ‘मशीद’ म्हणत, आणि जवळच्या मशीद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. ज्यू माणसानं बांधलेलं, मराठी माणसं जिथं प्रार्थना करतात ते ठिकाण ‘मशीद’ म्हणून ओळखलं जावं, याचं त्या काळी कुणाला नवल वाटलं नाही.

सणांची नावं पाहिली तर हा समाज कोकणात किती खोल मुरला होता ते दिसतं. नवं वर्ष म्हणजे नव्याचा सण. त्यानंतर येतो खिरीचा सण. मोठ्या उपासाच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्याच्या शोकाचा जो उपास, तो बिरड्याचा रोजा, कारण त्या दिवशी उपास सोडायला वालाचं बिरडं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या नगराचा शोक आणि मोड आलेले, सोललेले कडवे वाल एका ताटात येतात. मांस आणि दूध एकत्र शिजवायचं नाही हा धर्माचा नियम. कोकणात तो पाळणं सोपं गेलं, कारण मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध होतंच. गव्हाच्या चिकाचा हलवासुद्धा नारळाच्या दुधातच आटवतात.

आणि मलिदा. या पुस्तकात जवळजवळ प्रत्येकानं मलिद्याबद्दल सांगितलं आहे, म्हणून तो कसा करतात ते इथंच सांगून टाकतो. पोहे धुऊन निथळत ठेवायचे. त्यात गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, बदाम-पिस्ते. हातानं हलकेच कालवायचं, पोहा मोडता कामा नये. मोठ्या ताटात त्याची रास रचायची आणि भोवती फळं मांडायची. मग एलियाहू हन्नबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव घेऊन प्रार्थना होते, प्रत्येक फळाचा आशीर्वाद वेगळा म्हटला जातो आणि ताट फिरतं. लग्न ठरलं, घर घेतलं, मूल झालं, आजारातून उठलं, परदेशी निघालं, काहीही असो, मलिदा हवाच. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे, तिथं नवस फेडायला आजही माणसं येतात. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही यहुदी समाजात मलिदा नाही. बीरशेबातल्या एका बाईनं या पुस्तकात सांगितलंय की शेजारच्या मोरोक्कोहून आलेल्या बायकांनी पहिल्यांदा ते ताट पाहिलं तेव्हा त्यांना हा हिंदू पूजेचा प्रकार वाटला. तिनं त्यांना हिब्रू प्रार्थना म्हणून दाखवली, आणि मग एकेक मूठ पोहे दिले.

एकोणिसाव्या शतकात हा समाज मुंबई-पुण्याला आला, पलटणीत, रेल्वेत, टपाल खात्यात, जकातीत, इस्पितळांत नोकरीला लागला. डॉ. जेरुशा झिराड या त्याच समाजातल्या, स्त्रियांच्या आरोग्यासाठी आयुष्य वेचलेल्या, पद्मश्री मिळालेल्या. 1874 साली पुण्यात ‘हग्गादा’ छापून निघाला, वल्हांडणाच्या रात्री वाचायचा ग्रंथ, हिब्रूच्या जोडीला मराठी भाषांतर. त्यातल्या चित्रांत बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी लाटतायत आणि त्यांच्या अंगावर नेसूची लुगडी आहेत. हरिदासी कीर्तनाच्या धाटणीत अब्राहमाची, मोशेची आख्यानं रचली गेली.

याच काळात पहिल्यांदा बाहेरचं कुणीतरी पुरावा मागू लागलं. मुंबई-कलकत्त्याला स्थायिक झालेल्या बगदादी यहुदी व्यापाऱ्यांना या मराठी बोलणाऱ्या, सावळ्या, लुगडी नेसणाऱ्या धर्मबंधूंबद्दल शंका होती. एकत्र प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष मोजताना बेने इस्राएलांना धरायचं की नाही, यावर वाद झाले. रंगूनमध्ये तर 1930च्या दशकात प्रकरण कोर्टात गेलं, आणि प्रार्थनामंदिराच्या कारभारात मत देण्याचा बेने इस्राएलांचा हक्क न्यायाधीशांनी मान्य केला. केहिमकरांनी समाजाचा इतिहास 1897 साली लिहून पूर्ण केला तो इंग्रजीत. मला वाटतं, आपल्या माणसांना सांगण्यासाठी त्यांनी तो लिहिला असता तर मराठीत लिहिला असता. तो शंका घेणाऱ्यांसाठी लिहिला गेला. छापून निघायला 1937 साल उजाडलं, आणि तोही छापला गेला तेल अवीवमध्ये.

इथं मला या पुस्तकाबद्दलचं माझं मुख्य म्हणणं मांडायचं आहे. आपण कोण हे सांगणं वेगळं आणि आपण कोण हे सिद्ध करून दाखवावं लागणं वेगळं. सांगताना माणूस समोरचा बघून सांगतो. गावच्या जत्रेत एक सांगेल, परक्या शहरात दुसरं, लग्नाच्या बोलणीत तिसरं, आणि यात खोटं काहीच नसतं. आगगाडीत समोरचा माणूस ‘कुठले?’ विचारतो तेव्हा तो पुण्याचा असेल तर आपण पेठ सांगतो, नागपूरचा असेल तर पुणे सांगतो. सिद्ध करायची वेळ आली की मात्र एकच उत्तर धरून बसावं लागतं, कारण त्यावर लग्न, नोकरी, नागरिकत्व अडकलेलं असतं. स्थलांतरितांच्या ओळखीबद्दल लिहिताना ‘दोन संस्कृतींच्या कात्रीत सापडलेला माणूस’ असं चित्र सर्रास काढलं जातं. या आठवणी वाचल्यावर ते मला पटेनासं झालं. ही माणसं दोन-तीन ओळखी सहज बाळगतात. त्यांचं दुखतं ते एखाद्या टेबलामागं बसलेला माणूस त्यातली एकच निवडायला लावतो आणि वर दाखला मागतो तेव्हा.

1948 नंतर समाज इस्राएलकडे निघाला. त्या वेळी भारतात वीसेक हजार बेने इस्राएल होते. कुणी हाकललं नव्हतं. धर्माची ओढ होती, जेरुसलेमचं नाव रोजच्या प्रार्थनेत होतं. इंग्रज गेल्यावर रेल्वे-टपालातल्या नोकऱ्यांचं काय होणार ही धास्ती होती. आणि एक भाऊ गेला की दुसरा जातो, हेही होतं. 1950च्या परतीच्या कायद्यानं प्रत्येक यहुद्याला इस्राएलचं दार उघडं केलं. तिथं पोचल्यावर बहुतेकांना दक्षिणेत वाळवंटाच्या कडेला नव्यानं वसवलेल्या गावांत पाठवलं गेलं. मुंबईत कारकुनी केलेल्या माणसाच्या हातात फावडं आलं. 1951 साली काही कुटुंबांनी वर्णभेदाची तक्रार करत धरणं धरलं, आम्हाला भारतात परत पाठवा अशी मागणी केली, आणि पुढच्या वर्षी त्यांतले काही खरोखरच परत आले. त्यांपैकी बरेच जण नंतर पुन्हा इस्राएलला गेले. या येण्या-जाण्यावर इतिहासाच्या पुस्तकांत चार ओळी मिळतात. इथं एका कुटुंबाची सगळी हकिगत आहे, आणि बापाला नेमकं कुठं ‘घरी’ यायचं होतं याबद्दल भावंडांचं आजही एकमत नाही.

मग आलं लग्नांचं प्रकरण. इस्राएलात यहुद्यांची लग्नं धर्मपीठाकडेच लागतात, नोंदणी विवाहाची सोय तिथं नाही. शतकानुशतकं कोकणात राहिलेल्या या समाजाला घटस्फोटाचे आणि विधवेच्या दिराशी लग्नाचे यहुदी नियम ठाऊक नव्हते, तेव्हा यांच्या वंशात शास्त्रानुसार निषिद्ध संततीची भेसळ झाली असेल, अशी शंका काही रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, घेतली. मुख्य धर्मपीठानं तत्त्वतः लग्नाला मुभा दिली, पण 1962 साली जे नियम काढले त्यांत बेने इस्राएल वधू किंवा वराच्या आईकडच्या कुळाची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी असं सांगितलं. आजीचं लग्न कुठं झालं, कुणी लावलं, आजीच्या आईचं काय, असे प्रश्न. रेवदंड्याच्या किंवा म्हसळ्याच्या कुठल्या आजीपाशी लग्नाचा कागद असणार? गावानं पाहिलेलं लग्न हाच तिचा कागद होता.

समाज चिडला, आणि ज्या शिस्तीनं लढला ते वाचण्यासारखं आहे. 1964च्या उन्हाळ्यात इस्राएलभरचे बेने इस्राएल जेरुसलेमला जमले आणि उघड्यावर ठाण मांडून बसले. पुस्तकातल्या एका आजोबांनी त्या दिवसांचं वर्णन केलंय ते सत्याग्रह हाच शब्द वापरून. लहान मुलं होती, डबे होते, संध्याकाळी भजनासारखी गाणी व्हायची. ऑगस्टमध्ये संसदेची खास बैठक झाली. बेने इस्राएल हे सर्व बाबतीत यहुदीच आहेत, त्यांना कमी लेखणारी बंधनं दूर व्हावीत, अशी भूमिका पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारनं घेतली. अखेर धर्मपीठानं नियमांतून ‘बेने इस्राएल’ हे नाव काढलं आणि ज्या कुणाच्या वंशाबद्दल शंका असेल त्याची चौकशी, असा मजकूर घातला. काही जणांना तो विजय वाटला, काही जणांना पळवाट. त्या वर्षांत जी मुलगी लग्नाची होती ती आज पणजी आहे. तिच्या आठवणीत सासर-माहेरच्या तपशिलापेक्षा रब्बीच्या कचेरीतली खुर्ची जास्त स्पष्ट आहे. भारतात मला कुणी विचारलं नाही की तू यहुदी कशावरून, असं ती सांगते.

राष्ट्रीयत्वाचं तर निराळंच. आपल्याकडे नागरिकत्व आणि राष्ट्रीयत्व आपण एकाच दमात बोलतो. इस्राएलच्या लोकसंख्या नोंदवहीत हे दोन वेगळे रकाने आहेत. नागरिकत्व इस्राएली, पण राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात यहुदी, अरब, द्रुझ अशा नोंदी. ‘इस्राएली’ हेच आमचं राष्ट्रीयत्व नोंदवा, अशी मागणी घेऊन काही नागरिक सर्वोच्च न्यायालयात गेले होते, 2013 साली न्यायालयानं ती फेटाळली. म्हणजे लोदमध्ये शेजारी राहणाऱ्या दोन घरांचं पारपत्र एक, नागरिकत्व एक आणि नोंदवहीत राष्ट्रीयत्वं दोन. बेने इस्राएलांनी यहुदी ही नोंद मिळवण्यासाठी झगडा केला. त्याच रकान्यामुळे त्यांच्या अरब शेजाऱ्याला आपण या देशाचे पूर्ण नाही असं वाटतं. पुस्तकातल्या एका तरुण शिक्षिकेनं हे स्वच्छ शब्दांत मांडलं आहे. तिच्या घरच्यांना ते रुचलेलं नाही, तरी संपादकांनी ते ठेवलं. मला ते फार मोलाचं वाटतं.

सरकारदरबारी यहुदी ठरलेली ही माणसं गल्लीत मात्र भारतीय झाली. मुंबईत शेजारी त्यांना इस्राएल म्हणत, इस्राएलात शेजारी त्यांना इंडियाचे म्हणू लागले. त्यांनीही ते नाव अंगाला लावून घेतलं. दिमोनाच्या दुकानांत पोहे, कोकम, पापड मिळतात. बीरशेबा-अश्दोदमध्ये क्रिकेट रुजलं ते मुख्यतः यांच्यामुळे. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक इस्राएलात निघतं. हळदीचा कार्यक्रम कोकणात होता त्यापेक्षा तिथं जास्त थाटात होतो, असं जुनी माणसं सांगतात. भारतात असताना यांतलं कुणीच स्वतःला मुद्दाम मराठी म्हणत नव्हतं, कारण आजूबाजूला सगळेच मराठी होते.

घरातल्या घरात उत्तरं कशी बदलतात तेही पहावं. आजी म्हणते, मी तळा गावची. तिचा मुलगा मुंबईचा म्हणवतो, मुंबई त्यानं लहानपणी सोडली तरी. नात म्हणते, मी इस्राएली, माझे आजी-आजोबा भारतातून आले. तिचा नवरा येमेनी घराण्यातला. त्यांच्या मुलाला शाळेत ‘तुमचं घराणं कुठून आलं’ असा तक्ता करायचा होता. त्यानं नकाशावर दोन रेघा काढल्या, एक सनापासून, एक अलिबागपासून. बाईंनी देशाचं नाव लिहायला सांगितलं तेव्हा तो अडला, कारण त्याच्या पणजीनं भारत हा शब्द कधीच वापरला नव्हता. ती कायम ‘आपल्याकडे’ म्हणायची.

भारताकडूनही काही रकाने येतात. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेनं घेतलं की आपल्या कायद्यानं भारताचं जातं. पुढं परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून कार्ड मिळू लागलं, त्यानं व्हिसाची कटकट गेली. मतदानाचा हक्क त्यात नाही. जे मागे राहिले ते आज मुख्यतः मुंबई-ठाण्यात काही हजार उरलेत. महाराष्ट्र सरकारनं 2016 साली यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याआधी कित्येक अर्जांवर आणि दाखल्यांवर त्यांना ‘इतर’ या रकान्यात खूण करावी लागे. ठाण्याच्या एका प्राध्यापकांनी लिहिलंय की परिचित मंडळी त्यांना अगदी प्रेमानं विचारतात, ‘मग तुम्ही कधी जाणार?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं हे मला मान्य आहे. पण ज्याचं घराणं इथं कित्येक शतकं राहिलं त्याला आपण पाहुणा ठरवतो आहोत, हे त्यांच्या ध्यानात यायला हवं.

हा अनुभव एकट्या बेने इस्राएलांचा नाही. मॉरिशसमध्ये कोकणातून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आहेत. तिथल्या बोलण्यात ‘हिंदू’ म्हणजे बहुधा भोजपुरी-हिंदी परंपरेतले, आणि मराठी, तमिळ, तेलुगू हे त्याहून वेगळे. पण राज्यघटनेत समाज चारच: हिंदू, मुसलमान, चिनी आणि उरलेले सगळे एका गटात. संसदेतल्या काही जागा यांच्या आधारे दिल्या जातात, म्हणून उमेदवारानं समाज जाहीर करायचा. समाजाची शिरगणती मात्र 1972 नंतर झालेलीच नाही. तेव्हा मॉरिशसचा मराठी माणूस घरी मराठी, गणेश चतुर्थीच्या सरकारी सुट्टीला मराठी, उमेदवारी अर्जावर हिंदू आणि परदेशी गेला की मॉरिशियन.

पुराव्याच्या प्रश्नाकडे परत येऊ. 2016 साली जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बेने इस्राएलांमध्ये मध्यपूर्वेतल्या यहुद्यांचा आणि स्थानिक भारतीयांचा असा दोन्हीकडचा वारसा आहे, असं त्यातून दिसलं. समाजात पुष्कळांना आनंद झाला, आणि तो मी समजू शकतो. साठ वर्षांपूर्वी आईच्या कुळाचा पुरावा मागितलेल्यांना हातात काहीतरी मिळालं. तरी या अहवालाचा दाखल्यासारखा वापर होऊ नये असं मला कळकळीनं वाटतं. उद्या एखाद्या समाजाच्या रक्तात हवा तो अंश सापडला नाही, तर त्याची प्रार्थना खोटी ठरणार का? नवगावच्या जहाजाची गोष्ट ज्यांनी शेकडो वर्षं पोरांना सांगितली, शनिवारी घाणा बंद ठेवून त्या दिवसाच्या कमाईवर पाणी सोडलं, त्यांचं यहुदीपण त्या सोसण्यात आहे.

पुस्तकाच्या रचनेबद्दल दोन शब्द. प्रत्येक आठवणीच्या वर सांगणाऱ्याची ओळख आहे, ती त्याच्याच शब्दांत ठेवली आहे. म्हणून एकाच घरातली एक ‘मराठी यहुदी’, दुसरा ‘भारतीय वंशाचा इस्राएली’ आणि तिसरी नुसती ‘रोह्याची’ दिसेल. काहींनी मजकूर तपासताना ओळख बदलून पाठवली. अशा ठिकाणी आधीची आणि नंतरची दोन्ही छापल्या आहेत. भाषाही कुणी साफसूफ केलेली नाही. मराठी वाक्यात मध्येच हिब्रू शब्द येतात, रायगडची बोली येते, काही क्रियापदं आज अलिबागलाही ऐकू येत नाहीत. अडेल तिथं मोठ्यानं वाचून पाहावं, बहुतेक ठिकाणी अर्थ लागतो.

वाचायला सुरुवात पहिल्या पानापासूनच करायला हवी असं नाही. मी तर सुचवीन की आधी 1964च्या धरण्याच्या तीन आठवणी वाचाव्यात, एक नवरीची, एक आजोबांची आणि एक त्या वेळी सात वर्षांचा असलेल्या मुलाची. तिघेही एकाच अंगणात बसले होते आणि तिघांनी तिथं येण्याचं कारण वेगळं सांगितलं आहे. त्यानंतर ठाण्याच्या प्राध्यापकांचं प्रकरण घ्यावं आणि मग मागे कोकणात यावं.